बटणाखालची सावली

एका बटणाची एकशे अठ्ठावीस चित्रं काढते मी,
एकाखाली एक, उभी पट्टी.
प्रत्येकात पांढरी रेघ केसभर पुढे सरकलेली.
तुम्ही माऊसने बटण फिरवता
तेव्हा काहीच फिरत नाही,
फक्त पट्टी सरकते.
आईला हे सांगून पाहिलं. ती कुरडयांचा चीक ढवळत म्हणाली,
आणि याचे पैसे देतात?
देतात.

वाद्य माझं नाही.
आतले सूर कुणीतरी गणिताने बांधलेत,
चाळीस वर्षांपूर्वीच्या एका सिंथेसायझरसारखे,
तापल्यावर जरा उतरणारे, तेही मुद्दाम.
माझा फक्त चेहरा:
अक्रोडी बाजू, काळा पत्रा,
आणि चार स्क्रू
ज्यांनी काहीही आवळलेलं नाही.

नियम एकच. उजेड वरून, डावीकडून.
सगळ्या बटणांना एकाच खिडकीचा उजेड,
जी खिडकी कुठेच नाही.
माझी खरी खिडकी दीपनगरकडे उघडते,
गजांवर राख, कूलरच्या वाळ्यावर राख,
की-बोर्डच्या फटीत, एफ आणि जीच्या मध्ये, राख.
आणि मे महिन्यात भुसावळला
उजेड कुठल्या बाजूने वगैरे येत नाही.
पोतं टाकावं तसा डोक्यावर पडतो.

त्या दिवशी साडेबाराच्या जरा आधी
गच्चीवर पाण्याची बाटली उभी केली.
तिची सावली तिच्याच बुडाखाली शिरली,
तीन-चार मिनिटं बाहेर आलीच नाही.
खाली येऊन हट्टाने मीही सगळ्या सावल्या पुसल्या.
बटणं गेली.
उरले नुसते गोल, वाळत घातलेल्या पापडांसारखे,
फिरवावेत असं कुणालाही वाटू नये असे.
सावली परत घातली. चाळीस टक्के काळी. खोटी.

हॉलंडच्या गिऱ्हाइकाला नवं नको होतं,
खूप वापरलेलं हवं होतं.
मी ओरखडे पाडले, कडा झिजवल्या,
खालच्या कोपऱ्यात थोडा गंज.
दिसायला देखणं झालं.

चार्जरची वायर सांधायला सुपडू मिस्तरींकडे गेले, जामनेर रोडला.
बँडवाल्यांचे ॲम्प्लिफायर उघडण्यात त्यांची चाळिशी-पन्नाशी गेली.
चष्मा कपाळावर चढवून स्क्रीन बघत राहिले.
"हे ओरखडे कसाले पाडले?"
जुनं दिसावं म्हणून.
"हे जुनं नाही, पडेल हाये.
याले कोनाचा हातच नाही लागेल."

मग फळीवरून एक मुका ॲम्प काढला.
फडकं हातात होतं, पण पुसला नाही.
व्हॉल्यूमच्या डाव्या अंगाला रंग उडून
पत्रा चांदीसारखा,
आणि ट्रेबल मात्र कोरं, दुकानातून आलं तसं.
"उजवा हात पेटीवर. डावा इकडे.
वरातीत गाडी हालते ना माय,
मंग अंगठा टेकून ठिवा लागते."

कुणाचा अंगठा?
"सिकंदर तडवीचा. निंभोऱ्याचा.
वाजवाले कच्चा,
पन वरात नाचवाले लई पक्का."
सोल्डरचा धूर पंख्याकडे गेला आणि
ते पुढे काही बोलले नाहीत.
मी अठरा फोटो काढले.

रात्री बॅटरी एकोणतीस टक्क्यांवर असताना
सगळे ओरखडे खोडले. गंजही.
आवाजाच्या बटणाच्या डावीकडे तेवढं झिजवलं,
अंगठ्याएवढं, आधी काळा रंग,
मग तांबूस अस्तर, मग पत्रा.
एकशे अठ्ठावीस चित्रांत रेघ फिरत राहिली,
ते झिजलेलं जागचं हललं नाही.

दोन दिवसांनी हॉलंडहून विचारणा आली:
सुंदर आहे, पण डावीकडचा रंग
चुकून जास्त पुसला गेलाय का?

लिहिलं, नाही.
थोड्या वेळाने खाली अजून एक ओळ लिहिली:
वाद्य चालत्या गाडीवर होतं.